वन्संची विनंती

डांबरच्या तोंडात वन्संचा हात होता आणि वन्सं ओरडत नव्हत्या. ओरडत होती मनीषा, आमची पुतणसून, कॉटवर उभी राहून, साडी दोन्ही हातांत वर धरून. मांजर वन्संच्या पाठीवरून चढून त्यांच्या डोक्यावरून कुठेतरी उडालं होतं. जाताना त्यानं चारी पायांची नखं लावली होती, त्यामुळे वन्संच्या कपाळावरून रक्त चष्म्याच्या काचेवर उतरत होतं. त्या जमिनीवर पडल्या होत्या. उजवा हात माझ्या कुत्र्याच्या जबड्यात, आणि मला सांगत होत्या, "सुमन, ओढू नकोस त्याला. ओढलंस तर मांस निघेल. पाणी टाक."

मी भातासाठी तांदूळ धुवून ठेवले होते. ते पातेलं पाण्यासकट, तांदळासकट कुत्र्याच्या तोंडावर ओतलं. त्यानं जबडा सोडला. मी पट्ट्याला धरून त्याला मागच्या पडवीत ढकललं.

"दार लावलंस?"

"लावलं."

"कडी?"

"घातली हो कडी."

"मग आता मला उठव."

मला त्यांची दया वगैरे काही आली नाही. राग आला. सगळं घर वेठीला धरून, मला माझ्याच घरात चोरासारखं वागायला लावून, शेवटी झालं काय, तर हे.

वन्सं म्हणजे माझी नणंद वत्सला, माझ्या मालकांची थोरली बहीण. पनवेलच्या एसटी स्टँडवर त्या चौकशीच्या खिडकीत बसायच्या. आता तिथे भोंग्यातून टेपवरची बाई बोलते, तेव्हा वन्सं बोलायच्या. मी चौथीवर शाळा सोडली, त्या मॅट्रिक झालेल्या. आमच्या घरात सगळे आगरी बोलणारे, हाय नि नाय करणारे. वन्संनी खिडकीत बसायला लागल्यावर घरातही 'आहे' आणि 'नाही' सुरू केलं. जेवायला बसल्या की "आमटी आहे का?" असं विचारायच्या, जसं काही अलिबागची गाडी आहे का. त्यांचं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. त्यावर घरात कुणी बोलत नाही, मीही बोलणार नाही.

मी सुकी मासळी विकायचे. करंज्याहून बोंबील, जवळा, वाकट्या आणायच्या आणि पनवेलच्या बाजारात बसायचं. एकदा उरणवरून करंज्याला जायची माझी गाडी चुकली. रिकामी टोपली डोक्यावर घेऊन मी थेट खिडकीशी गेले. म्हटलं, "वन्सं, उरणची कवा हाय?" त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "रांगेत या." माझ्यामागे एक म्हातारा हसला. मी मागे जाऊन उभी राहिले. पाळी आली, पुन्हा विचारलं.

"अर्ध्या तासानं."

"आनी ती गेली तर?"

"ती गेली की विचारा."

घरी आल्यावर मी भांडले. सख्खी भावजय, ओळख दाखवायला काय झालं होतं? वन्सं शांतपणे म्हणाल्या, "खिडकीत मी कुणाची नणंद नसते."

दुसरी सवय म्हणजे, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नये, हे भोंग्यातून सांगायचं वाक्य त्या घरातल्या सगळ्या गोष्टींना लावायच्या. भाताची वाफ जिरायच्या आत झाकण काढलं, तरी तेच. माझ्या मुलीला पहिलं स्थळ आलं आणि आमचे मालक होकार द्यायला निघाले, तेव्हा या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गाडी पूर्ण थांबू दे." थांबलो. स्थळ गेलं. पुढे दुसरं आलं ते बरं निघालं, पण ते वन्संमुळे, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांच्या खिडकीत एक मांजरी येऊन बसायला लागली. भुरी, एका कानाचं टोक तुटलेली. एसटीचा विनंती थांबा असतो, तिथे कुणी हात दाखवला तरच गाडी थांबते. ही मांजरी तशीच. हात पुढे केला तर थांबायची, नाहीतर बघायचीसुद्धा नाही. म्हणून तिचं नाव विनंती. वन्सं निवृत्त झाल्या त्या दिवशी लोकांनी दिलेला नारळ एका हातात आणि ही दुसऱ्या हातात, अशा त्या आपल्या भाड्याच्या खोलीवर गेल्या.

मग ती इमारत पाडायची ठरली. मोठ्या दिरांचा मुलगा प्रकाश कळंबोलीला राहतो, वरच्या मजल्यावर मोठा फ्लॅट आहे. मनीषा ही त्याची बायको. ती म्हणाली, "आत्या, तुमची खोली तयार आहे. फक्त मांजर नको, मला चालत नाही." वन्सं म्हणाल्या, "मग मलाही चालत नाही." आणि सरळ रिक्षा करून माझ्या दारात. एक ट्रंक, एक गोधडी, आणि कोंबड्या ठेवतात त्या डालग्यात, वरून फडकं बांधून, ही बया.

आता माझा कुत्रा. गल्लीत नवा रस्ता झाला तेव्हा एक पिल्लू ओल्या डांबरात रुतलं होतं. मी गोडेतेल चोळून सोडवलं, तेव्हापासून तो डांबर. त्याला मी एकच काम शिकवलं. अंगणात मासळीला ऊन दाखवायला पसरली की गल्लीतली मांजरं कौलांवरून उतरायची. मी आतून नुसतं म्हणायचे, "मांजर." मोठ्यानं नाही, सहज. डांबर जिथे असेल तिथून सुटायचा. असा माझा कुत्रा, आणि अशा घरात वन्सं मांजर घेऊन उभ्या.

मी म्हटलं, "वन्सं, तुमी या. घर तुमचा हाय. तिला नाय. माझा कुत्रा फाडील तिला."

"कुत्रा कुठे आहे?"

"मागं, पडवीत."

"त्याला तिथेच राहू दे. पुढची खोली मला दे. मधलं दार बंद राहील."

"कवापर्यंत?"

"सांगेन."

"आनी नायच जमला तर?"

"तर आम्ही दोघी दुसरीकडे बघू."

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्यांनाही माहीत नव्हतं. एकट्या म्हातारीला आणि मांजराला पनवेलात खोली कोण देतो? कुत्रा मी सोडणार नव्हते, हे मी तिथेच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "कुणी कुणाला सोडायचं नाही. म्हणून तर दार बंद."

माझं घर दोन खोल्यांचं, मालक गेल्यापासून मी आणि कुत्रा एवढेच. पुढच्या खोलीत टीव्ही, कॉट, कपाट आणि देव. मागे स्वयंपाक आणि पडवी. पुढची खोली गेल्यावर मी मागे, कुत्र्याबरोबर. देवाला दिवा लावायचा तर आधी दारावर टकटक करायची, आतून "थांब" असं ऐकायचं, ती कॉटखाली गेली की मग "ये." माझी मालिका बुडाली. येणारेजाणारे मागच्या दारानं येऊ लागले. शेजारची जैनब, तिचा नवरा वर्षानुवर्षं कुवेतला, दुपारी येऊन बसते. ती म्हणाली, "सुमनभाबी, या वयात तुमच्या घरात दोन सासवा आल्या. एक नणंद नि एक बिल्ली." मी म्हटलं, "तू हस. तुझ्या घरी नाय आली."

तिच्या घरी आले ते माझे मासळीचे डबे. वन्संचा हुकूम, घरात मासळी नको, दोघांची डोकी फिरतात. म्हणजे चार बोंबील भाजायचे तर जैनबच्या दारात जायचं.

वन्सं जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन चौकशी करून आल्या. जन्मभर खिडकीच्या आतून उत्तरं दिलेली बाई. बाहेरून प्रश्न विचारायची संधी मिळाल्यावर त्या डॉक्टरचं काय झालं असेल, मी समजू शकते. त्यानं सांगितलं त्याचे वन्संनी थांबे केले. पहिला थांबा वास. मग जेवण, दाराच्या दोन बाजूंना. मग फटीतून बघणं. मग एका खोलीत, पण कुत्रा दोरीला बांधून. एक थांबा नीट झाल्याशिवाय पुढचा नाही.

वासाचा थांबा असा, की विनंती ज्या फडक्यावर झोपायची ते डांबरच्या थाळीखाली घालायचं, आणि डांबरचं गोणपाट नेऊन तिच्या टोपलीत. माझ्या घरात वासांना आधीच काही कमी नव्हतं. डांबर ते फडकं हुंगून अंगावरचे केस उभे करायचा. वन्सं म्हणायच्या, "करू दे. फडकं त्याला काही करत नाही, हे त्याला कळेल."

मग थाळ्या. दाराच्या अलीकडे त्याची, पलीकडे तिची, आधी दारापासून लांब. दोघांनी निमूट खाल्लं की दुसऱ्या दिवशी थाळी जरा पुढे. डांबर गुरगुरला की परत मागे. किती दिवसांनी दाराशी आलेली थाळी एका गुरगुरीत पुन्हा ओट्याखाली जायची. मी एकदा वैतागून त्याच्यावर लाटणं उगारलं. दाराच्या फटीतून वन्संनी पाहिलं.

"मारू नकोस त्याला."

"माझा कुत्रा हाय."

"म्हणून तुला सांगते. त्याला वाटेल, तिचा वास आला की मार बसतो. मग तो तिला कधीच सोडणार नाही."

हे मला पटलं. पटलं म्हणून जास्त राग आला.

फटीच्या थांब्यावर आलो तेव्हा एक भानगड झाली. डांबर दोरीनं जात्याला बांधलेला, दार हातभर उघडं, विनंती पलीकडे लांब बसून अंग चाटते आहे, डांबर वन्संच्या मुठीतला जवळा खातो आहे. जवळा तेवढा चालत होता, तो वन्सं स्वतः मोजक्या चिमटीनं द्यायच्या. सगळं छान. मी चहा गाळता गाळता म्हटलं, "वन्सं, मांजर जेवला का सकाळी?"

जातं फरशीवरून सरकलं. दोरी होती म्हणून निभावलं. विनंती कपाटावर आणि वन्सं दाराला पाठ लावून उभ्या.

"तू त्याला काय शिकवलं आहेस?"

मी सांगितलं. वन्संनी कपाळावर हात मारला नाही, काही नाही. दाराची कडी घातली आणि जाहीर केलं, "आजपासून हा शब्द या घरात बंद."

"मग काय म्हनू?"

"विनंती म्हण. ती म्हण. नाहीतर जैनबसारखं बिल्ली म्हण. कुत्र्याला उर्दू येत नाही."

साठी ओलांडल्यावर माझ्या घरात मी काय बोलायचं, हे कुत्र्याला विचारून ठरू लागलं. दूधवाल्याला बाहेर थांबवून सांगावं लागलं. माझी मुलगी करंज्याहून फोन करायची, तर फोन घेऊन मी गल्लीत जायचे, कारण ती पहिलं तेच विचारायची. जैनबला तर खेळच झाला. "काय भाबी, बिल्लीसाहिबा कशा हायत?" असं मुद्दाम खिडकीतून.

पुढे विनंतीला चढायला जागा हवी म्हणून कपाटावरची माझी पितळेची भांडी खाली आली. लग्नातली, आईनं दिलेली. ती कॉटखाली बघितल्यावर मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "वन्सं, पुरे झाला. प्रकाश बोलावतो, तुमी कलंबोलीला जावा. तिला ठेवा जिथं ठेवायची तिथं, पण माझा जीव सोडा."

वन्सं भांडी पुसत होत्या. पुसतच म्हणाल्या, "तिथे मला खोली आहे. जेवण आहे. पण दिवसभर मला कुणी काही विचारणार नाही."

"मी तरी काय विचारते तुमाला?"

"तू भांडतेस. ते चालतं."

मी चूल बघायला गेले, म्हणजे गॅस, पण तोंडात चूलच येते.

हळूहळू दोघं एका खोलीत आले. जातं पुढच्या खोलीत सरकवलं, दोरी त्याला, उरलेलं टोक वन्संच्या हातात. डांबर पसरून पडायचा, विनंती कपाटावरून कॉटवर, कॉटवरून खिडकीत. तो बघायचा, वन्संकडे बघायचा, जवळा मिळायचा. दोरी ताणली जाईनाशी झाली. मी रोज विचारायचे, सोडायचा का? वन्सं रोज म्हणायच्या, अजून नाही. इतक्या दिवसांत त्यांनी माझं एकदाही ऐकलं नाही. आणि ज्या दिवशी मी नको म्हटलं, नेमकं त्याच दिवशी दोरी सोडली.

त्या दिवशी मनीषा आली होती, तिच्या भावाच्या साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला. कुंकवाची डबी घेऊन घरोघर निघालेली. तिनं सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं की आत्यांना एका जनावरापायी घरची माणसं दिसेनाशी झालीत. ते वन्संच्या कानावर आलं होतं. मनीषा बसली, पाणी प्यायली, आणि कपाटावर बघून म्हणाली, "अजून वरच असते वाटतं ही?"

वन्संनी डांबरच्या पट्ट्याची दोरी सोडली.

मी दारातून म्हटलं, "वन्सं, बांधा त्याला."

"शांत बसलाय."

"गाडी थांबली का पूर्ण?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "थांबली."

आणि खरंच, डांबर हलला नाही. विनंती उतरली, त्याच्यापासून हातभर अंतरावरून चालत गेली. मनीषानं मोबाइल काढून फोटो घेतला, म्हणाली, "मानलं आत्या तुम्हाला." वन्संचा चेहरा तेव्हा खिडकीतल्यासारखा, कशानंही न हलणारा, पण हातातला जवळा त्या द्यायलाच विसरल्या, तो मुठीत तसाच.

मनीषाला अजून पुष्कळ घरं करायची होती. ती उठली. उंबऱ्यापर्यंत गेली, तेवढ्यात विनंती कॉटखालून निघून तिच्या पुढून दारावरून गेली. मनीषा शुभकार्याला निघालेली. तिनं उचललेलं पाऊल मागे घेतलं, परत येऊन कॉटच्या कडेला बसली, आणि आपल्याकडे कुणीही म्हणेल तितक्या सहजपणे म्हणाली, "मांजर आडवं गेलं. दोन मिनिटं बसते."

सगळं घर, दूधवाला, जैनब, सगळ्यांना शिकवलं होतं. मनीषाला सांगायचं राहिलं. तिनं ते ओरडून म्हटलं असतं तर एखादे वेळी डांबर दचकला असता. पण तिनं ते मी म्हणायचे तसंच म्हटलं, आतून, बसल्या बसल्या.

डांबर उठला तो मी पाहिलाच नाही, एकदम मध्यावर दिसला. वन्सं आडव्या पडल्या. त्याच्या तोंडात हात त्यांनी स्वतः घातला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. विनंतीची मान आणि त्याचे दात यांच्यामध्ये.

पडवीची कडी लावून मी वन्संना उठवलं, भिंतीला टेकवून बसवलं, हाताला पदर गुंडाळला. मनीषा कॉटवरून उतरायला तयार नव्हती. खोलीत मांजर कुठेच नव्हतं. कपाटावर नाही, कॉटखाली नाही. दार उघडंच होतं. वन्सं इकडेतिकडे बघायला लागल्या. चष्म्यावर रक्त असल्यानं त्यांना काही दिसत नव्हतं. मग त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "सुमन, ती हाय का गो? बग ना. हाय का गेली?"

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'हाय' ऐकलं नव्हतं. मी खाली वाकले. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत, जिथे माझा झाडूसुद्धा जात नाही, तिथे दोन डोळे चमकत होते.

"हाय," मी म्हटलं. "जित्ती हाय."

"बरं," वन्सं म्हणाल्या, आणि मग पुन्हा आपल्या भाषेत, "तिला आता ओढून काढू नकोस."

सरकारी दवाखान्यात टाके घातले, इंजेक्शनं सुरू झाली. तिथल्या माणसानं विचारलं, "कुत्रा रस्त्यावरचा की घरचा?"

"घरचा."

"घरचा असून चावला? कशामुळे?"

वन्सं म्हणाल्या, "चुकीच्या घोषणेमुळे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं लसीचं चित्र बघत बसले.

संध्याकाळी प्रकाश गाडी घेऊन आला. मनीषानं त्याला सांगितलं होतं की आज हात गेला, उद्या जीव जाईल. तो वाईट मुलगा नाही. म्हणाला, "आत्या, आता हट्ट पुरे. चला." मीही त्याच्याच बाजूनं बोलले. वन्सं हाताचं बँडेज मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी शब्द लपवला, ही चूक झाली. गावभर लोक जो शब्द बोलतात तो किती दिवस लपेल? आता पहिल्या थांब्यापासून."

"कोन करनार? तुमचा हात तर बांधलेला."

"तू."

मला नाही म्हणता आलं असतं. आलं नाही, एवढंच. प्रकाश चहा न पिता गेला.

पुन्हा फडकं, पुन्हा गोणपाट, पुन्हा थाळ्या, आणि आता सगळं माझ्या हातानं, कॉटवरून वन्संच्या सूचना. शिवाय नवीन थांबा. मी पडवीत डांबरसमोर बसायचं, मुठीत जवळा घ्यायचा, आणि म्हणायचं, मांजर. तो उसळायचा, दोरी ताणायचा, इकडेतिकडे बघायचा. काही नसायचं. मग जवळा. पुन्हा मांजर. पुन्हा जवळा. पहिल्या दिवशी माझा घसा बसला. जैनब कुंपणावरून बघत उभी राहिली.

"भाबी, जप करता काय?"

"तुझ्या तोंडात घालू का जवला?"

"ना बाबा. मी कुठं भुंकली?"

असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. एक दिवस मी तो शब्द म्हटला आणि डांबर उसळला नाही. माझ्या मुठीकडे बघत शेपूट हलवत बसला. वन्सं दारातून बघत होत्या. मला वाटलं, काही बरं बोलतील. म्हणाल्या, "आवाज जरा वर ठेव. मनीषाचा आवाज बारीक आहे."

त्यांनी या वेळी दोरी सोडायची घाई केली नाही. मीच कंटाळून एक दिवस सोडली, आणि त्यांनी ती गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

लोकांना वाटतं, कुत्रा-मांजर एकमेकांना चिकटून झोपतात. मोबाइलवर तसं दाखवतात. आमच्याकडे तसं काही झालं नाही. विनंती समोरून आली की डांबर मान दुसरीकडे वळवतो, आणि ती त्याच्या थाळीकडे बघत नाही. मी एकदा म्हटलं, एवढ्या खटाटोपानंतर दोस्ती तर नाय झाली. वन्सं म्हणाल्या, "घाटात समोरून आलेल्या दोन गाड्या बाजू देऊन जातात. उतरून गप्पा मारत नाहीत."

मला तोटा झाला तो झालाच. आता गल्लीतलं कुठलंही मांजर अंगणात आलं आणि मी हाक दिली, की डांबर माझ्याकडे येऊन जवळा मागतो. मासळी मला काठी घेऊन राखावी लागते. हे मी वन्संना ऐकवायचे. त्या "हं" म्हणायच्या आणि पेपर वाचायच्या.

हात बरा झाला, फक्त दोन बोटं नीट मिटायची नाहीत. पुढे त्यांना दम लागू लागला. आधी चालताना, मग बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात दाखल करा. प्रकाश गाडी घेऊन आला, मनीषाही आली. आम्ही दोघींनी धरून त्यांना गाडीत बसवलं. मनीषानं पायांवर शाल टाकली. मी दाराशी वाकून विचारलं, "वन्सं, काय हवा हाय का? पानी देऊ?"

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघायचा प्रयत्न करत होत्या. मी वळून बघितलं. घराच्या उंबऱ्यावर डांबर उन्हात आडवा पसरला होता. विनंतीला बाहेर यायचं होतं. ती त्याच्यापाशी थांबली, मग त्याच्या पाठीवरून उडी मारून पायरीवर आली. तिची शेपटी त्याच्या कानाला लागली. त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

"सुमन," वन्सं म्हणाल्या, "तू मधून बाजूला हो."

मी झाले. गाडी निघेपर्यंत त्या बघत होत्या.

वन्सं दवाखान्यातून परत आल्या नाहीत. डांबर आणि विनंती, दोघं माझ्याकडे आहेत.